खुंट्याचे पैसे

टेंभरखेडीत बैल चोरीला गेला तर कोणी बोंब मारत नसे. घरचा कर्ता माणूस गुपचूप तोंड धुवायचा, धोतर बदलायचा आणि विठ्ठलराव पाटलाच्या ओसरीवर जाऊन बसायचा. विठ्ठलराव तंबाखू मळत म्हणायचे, "पाह्यतो बापा, कोठी पत्ता लागते का." आणि पत्ता लागायचाच. आठवडा उलटायच्या आत बैल शिवेवरच्या बाभळीला बांधलेला सापडायचा. मग मारुतीच्या पारावर सतरंजी पडायची, विठ्ठलरावाचे पाय धुतले जायचे, टोपी-नारळ व्हायचा आणि नारळासंगं रुमालात बांधलेली रक्कम त्यांच्या हाती पडायची. बैल खुंट्यावर परत आला म्हणून खुंट्याचे पैसे. बैलाच्या किमतीची चौथाई. लोक वर हात जोडून म्हणायचे, विठ्ठलराव होते म्हणून वाचलो.

बैल नेला कोणी, हे कोणी विचारत नसे. तसं विचारणं गावात बेअदबीचं समजलं जाई.

शकुबाईनं स्वतः हे पाय धुतले होते. नवरा जिता होता तेव्हा एकदा जोडीतला बैल गेला, परत आला, आणि तिनं पितळी तांब्यानं विठ्ठलरावाच्या पायावर पाणी ओतलं. टाचेच्या भेगांतला मळ तिनं बोटानं काढला होता. पुढं नवरा काविळीनं गेला. पोरगी उमरखेडकडं दिली. शकुबाई एकटी उरली, तिचं वावर उरलं आणि हरण्या-बांड्याची जोडी उरली. बाई असून ती वखर हाकायची, डवरा हाकायची. गावातले रिकामे गडी धुऱ्यावर, वावराच्या बांधावर बसून हसायचे. ती जोडी थांबवून म्हणायची, "हासून झालं असंन तं एकजन ये अन् रुमनं धर. पाहू दे तुया कंबरेत काय हाये थे." कोणी यायचं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या सालची गोष्ट. वैशाखात ती भाचीच्या लग्नाला आर्णीला गेली. जाताना घराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोसली. गोठ्याला मात्र नुसती दोरी. साऱ्या गावाची हीच तऱ्हा होती: घरात फुटकी मडकी असली तरी कुलूप, आणि ज्याच्या जिवावर घर चालतं तो बैल सुतळीच्या भरवशावर. परत येऊन पाहते तर बांड्या एकटा हंबरत होता. हरण्याच्या खुंट्याला कापलेलं दावं लोंबत होतं.

शेजारचा उकंडा कुडावरून डोकावला. "वयनी, आज सकायीच नेला. बोंबलू नको. बोंबललं का बैल पैनगंगेपल्याड जाते. विठ्ठलरावाकडं जा."

तोवर गावातल्या पोट्ट्यांनी दुसरंच शौर्य गाजवलं होतं. बंजाऱ्यांच्या तांड्यावरचा सेवादास आपली गुरं पाण्यावर नेत होता; त्याला धरून चावडीसमोर उभा केला होता. कायले, तर म्हणे तांड्यावाल्याशिवाय चोरी कोन करन? त्याची बंडी फाडली होती, नाकातून रक्त येत होतं. विठ्ठलराव चावडीच्या पायरीवर उभे राहून म्हणत होते, "मारू नका रे, विचारा." आणि पोट्टे मारत होते.

शकुबाई मधात घुसली. "हा सकायी नदीवर होता, माह्यासंगच्या मोटारीतल्या बायांनी पाह्यला. सोडा त्याले! चोर सापडत नाही तं गरीब सापडते काय रे तुमाले?"

सेवादास बंडीच्या चिंध्या गोळा करून गेला.

ती विठ्ठलरावाकडं गेली तेव्हा ते जेवायला बसले होते. ताटात आमरस. चारी बोटं रसात बुडवून ते ओरपत होते, आणि रस मनगटावरून कोपराकडं उतरत होता.

"ये शकुबाई. हरण्या गेला म्हन्ते?"

"गेला नाही. नेला."

"तेच थे. पाह्यतो बापा." त्यांनी कोपर चाटलं. "पर औंदा थोडे जास्ती लागतीन. मिरग तोंडावर आला ना. या दिवसांत बैलाले भाव असते."

"चोराले पंचांग कयते वाट्टे?"

"चोराची गोठ कायले काढतं, बाई? आपुन मधातले मानसं. आपल्याले फकस्त पुन्य भेटते." मग त्यांनी आवाज गोड केला. "अन् नाहीच जमलं, तं वावर दे मले बटईनं, अर्ध्या वाट्यानं. धुऱ्याले धुरा लागून हाये. बाईमानसानं किती दिवस वखर हाकाव?"

मिशीवर रस सुकून पिवळा पापुद्रा धरला होता. एका बैलावर पेरणी होत नाही. मिरगाआधी हरण्या खुंट्यावर नसला तर वावर या माणसाच्या ताटात जाणार होतं, आणि तो असाच कोपर चाटत बसणार होता. शकुबाई ओसरीवरून उठली ती सरळ आपल्या घरी गेली. बोटांना तो जुना टाचेचा मळ लागल्यासारखं वाटत होतं. राखेनं हात घासले, पुन्हा घासले.

घाटंजीच्या बाजाराच्या दिवशी ती बांड्याला घेऊन मुख्तार नालबंदाकडं गेली. बैलांना नाल ठोकणारा हा माणूस बोलता बोलता खिळा ठोकायचा आणि खिळा ठोकता ठोकता बोलायचा.

"एकच बैल? जोडी कुठं हाये, शकुबाई?"

"पुन्य कमवाले गेला."

सगळं ऐकून मुख्तारनं तोंडातले खिळे हातावर काढले. "ठाण्यात जा. उमरखेडकडून नवा जमादार आला हाये, वामनराव. चहा बी सोताच्या पैशानं पिते म्हन्तेत. असा मानूस इथं जास्ती टिकत नाही. आजच जा."

वामनराव जमादार टेबलाशी बसून कान कोरत होते. शकुबाई उभ्यानंच सगळं बोलली. त्यांनी कान कोरणं थांबवलं.

"बैल तुझा कशावरून, बाई? बाजाराचा दाखला आहे?"

"दाखला कायचा? घरच्या गाईचा हाये. माया हातावर पडला थो."

"उद्या तो म्हणेल माझ्या हातावर पडला. खूण काय?"

"डाव्या जांघेत डाग हाये. वातानं आखडला तवा देल्ला, दोन चंद्रासारखा. अन् उजवं शिंग टोकाले फाटलं हाये."

जमादारांनी ते लिहून घेतलं. मग खुर्ची मागं सारून म्हणाले, "ऐक. जो चोरी करतो त्याला तीन वर्षांपर्यंत कैद. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून जो ठेवून घेतो, त्यालाही तेवढीच. आणि चोराला धरून न देता, माल परत आणून देतो म्हणून जो पैसे खातो, त्याला दोन वर्षांपर्यंत. कायद्यात तिघांचीही व्यवस्था आहे. ज्याची नाही असा एकच. पैसे देऊन गप बसतो तो."

"मंजे आमी."

"म्हणजे तुम्ही. त्या चोराला तुम्हीच पोसता. दर साली चारा घालता." ते उठले. "पैसे घेताना दिसला पाहिजे. पण असली माणसं अंधारात घेतात, कोण पाहणार?"

शकुबाईला पहिल्यांदा हसू आलं. "अंधारात कायले घेईन? पारावर घेते जी, सतरंजीवर बसून. पाय धुवून घेते."

"लोकांसमोर?"

"लोकांयसमोर. तुमी आले तं तुमालेबी पान देतीन."

जमादार पुन्हा खुर्चीत बसले आणि तिला काय करायचं ते सांगू लागले.

तिनं हातातले चांदीचे गोठ मोडून पैसे उभे केले. जमादारांनी नोटांचे नंबर टिपून घेतले आणि त्या तिच्या रुमालात परत बांधल्या. शकुबाईनं विठ्ठलरावाला निरोप धाडला, कबूल हाये. दोन दिवसांत हरण्या शिवेवरच्या बाभळीला उभा. पोट आत गेलेलं, पाठीवर काठीचे वळ. पण तो हरण्याच.

पारावर सतरंजी पडली. गाव जमलं. तेवढ्यात वामनराव सायकलवरून आले, खाकी कपड्यातच, मागं एक शिपाई. कोणी दचकलं नाही. उलट उकंडानं घोंगडी झटकून म्हटलं, "या जमादारसाहेब, बसा. आमच्या गावचा कारेक्रम पाहा." विठ्ठलरावांनी त्यांना आपल्या शेजारी बसवलं. चोरी करताना माणूस आडोसा शोधतो. इथं तर आडोशाची गरजच उरली नव्हती. पिढ्यांमागून पिढ्या त्या घाणीत बसून लोकांना वासच येईनासा झाला होता.

"पाटील, बैल कुठून मिळाला?" जमादारांनी पानाला चुना लावत विचारलं.

"आता थे काय सांगाव साहेब? आपले मानसं असतेत चहूकडं. शब्द टाकला का बैल भेटते."

"आणि चोर?"

विठ्ठलराव खळखळून हसले. गावही हसलं. "चोर धरला तं पुढच्या खेपी बैल कोन वापस करन?"

शकुबाईनं पाय धुतले नाहीत. तिनं नारळ पुढं केला, रुमाल दिला. विठ्ठलरावांनी रुमाल सोडून रक्कम मोजली, खिशात घातली. जमादारांनी पान तोंडात टाकलं आणि त्यांचं मनगट धरलं.

"उठा पाटील."

विठ्ठलरावांना वाटलं, जमादार नमस्कार करतोय. ते दुसरा हात आशीर्वादाला वर उचलून बसले.

मग एकच कल्ला. संध्याकाळपर्यंत सारं बाहेर आलं. बैल विठ्ठलरावांच्या साळ्याच्या गोठ्यात होता, आणि नेला होता त्यांच्याच घरच्या सालदारानं, घनश्यामनं. मालकानं सांगितलं, त्यानं दावं कापलं. त्याच मालकानं ठाण्यात बसून सांगितलं, "ह्या पोट्ट्याले मी ओयखतबी नाही." घनश्याम वर्षानुवर्षं त्यांच्या घरची भाकर खात होता.

पण शिपाई हरण्यालाही खुंट्यावरून सोडून न्यायला लागला तेव्हा शकुबाई आडवी आली. "माया बैल कायले नेतं? चोर नेतेत, आता तुमीबी नेता?"

"मुद्देमाल आहे, बाई," जमादार म्हणाले. "कोर्टाच्या हुकमानं मिळेल. एक जामीन आण, हमी घेणारा. बोलावलं की बैल हजर करावा लागेल."

मिरग दारात आणि हरण्या घाटंजीच्या कोंडवाड्यात. शकुबाई जामीन मागायला घरोघर फिरली. ज्यांचे बैल गेले होते, ज्यांनी चौथाई मोजली होती, त्यांच्याच दारांत. कोणी आत निजल्याचं सोंग घेतलं. कोणी म्हणालं, "विठ्ठलराव जमानतीवर येतीन उद्या, मंग आमचं काय?" उकंडा म्हणाला, "वयनी, तुनं गावची इज्जत घालोली." आणि त्याच्या बायकोनं दारात राख टाकली, शकुबाईच्या पावलांवर. जणू चोर तीच होती.

जामीन झाला मुख्तार. अंगठा उमटवताना कोर्टातल्या बाबूला म्हणाला, "साहेब, बैलाची जमानत मानसापरीस बरी. बैल साक्ष बदलत नाही." बाबू हसला नाही. शकुबाई हसली.

पेरणी झाली. उशिरा झाली, बी उगवायला मागंपुढं झालं, पण विठ्ठलरावाच्या तिफणीनं नाही झाली.

हिवाळ्यात मुकदमा उभा राहिला. पारावर बसलेल्या गर्दीतला एकही माणूस पारावर नव्हता असं निघालं. उकंडानं देवाची आण घेऊन सांगितलं की मी त्या दिवशी सासुरवाडीला होतो. उरले जमादार, शिपाई, शकुबाई आणि नोटांचे नंबर. तेवढं पुरलं. घनश्यामला दीड वर्ष पडलं, विठ्ठलरावांना सहा महिने. दावं कापणाऱ्याला जास्त, कापायला सांगणाऱ्याला कमी. सांगितलं हे सिद्ध झालं नाही. पैसे घेतले एवढंच झालं. साळा संशयाचा फायदा मिळून सुटला. निकाल ऐकून शकुबाई बाहेर आली. घनश्यामची म्हातारी आई कोर्टाच्या भिंतीशी बसली होती.

शकुबाईनं गोठ्याला सागाचं दार लावलं, साखळी लावली, कुलूप घातलं. नव्या कालवडीला ओळखीचा डाग दिला तेव्हा पंचांना बोलावून दाखवला. कोणी विचारलं तर सांगायची, "जनावर घेतलं तं दाखला घ्या, लग्नाले गेले तं कोनाले तरी राखन ठेवा, अन् गेलंच तं त्याच दिवशी ठाण्यात जा." लोक माना डोलवायचे आणि सुतळीनं बैल बांधायचे.

फाल्गुनात उकंडाचा बैल गेला. तो शकुबाईच्या दारात आला. एका हातात नारळ, दुसऱ्या हातात गाठ मारलेला रुमाल.

"वयनी, विठ्ठलराव तं आत हायेत. तुयी जमादारासंग ओयख हाये. आता तूच पत्ता लाव."

तिला कळायला वेळ लागला.

"खुंट्याचे पैसे आनलेत," तो म्हणाला. "कमी नाही. मोजून घे."

"तुले मी कोन वाटली रे?"

"रागवू नको. कोनी तरी लागतेच ना मधात."

"चाल ठाण्यात. आत्ता."

उकंडा मागं सरला. "ठाण्यात कायले? मंग कोर्ट, साक्ष, तारखा. मले बैल पायजे, वयनी. चोर घिऊन मी काय करू?"

या उकंडानं देवाच्या नावानं खोटं सांगितलं होतं, त्याच्या बायकोनं तिच्या पायावर राख टाकली होती. त्यापरीस मोठी शिसारी तिला या वाक्यानं आली. तिनं दार लावून घेतलं. उकंडा बराच वेळ कुडाबाहेर बसून राहिला. मग उठून विठ्ठलरावाच्या धाकट्या भावाच्या ओसरीकडं गेला, नारळ घेऊनच.

दुसऱ्या दिवशी शकुबाई फडक्यात भाकर बांधून घाटंजीला गेली. वामनरावांची बदली होऊन गेली होती. त्यांच्या खुर्चीत नवा जमादार होता, जाड, जांभया देणारा.

"बैल तुहा हाये का?"

"नाही. उकंडाचा."

"मंग उकंडाले धाड."

"थो येत नाही. चोरीची खबर कोनीबी देऊ शकते, वामनराव सांगून गेले मले. बैल तांबडा हाये, कपायावर पांढरा टिक्का. पैसे कोनाकडं चालले थेबी ठाव हाये. लिव्हा."

"जेवाची वेळ झाली, बाई. सांजी ये."

शकुबाई टेबलासमोरच्या फरशीवर मांडी घालून बसली आणि फडकं सोडलं.

"जेवा तुमी," ती म्हणाली. "मीबी भाकर आनली हाये. लिव्हल्याबिगर उठत नाही."