सुतकात आलेलं बाळ

"सिस्टर, तुमच्याकडे एक वॉर्मर मोकळा आहे ना?" लेबर रूममधून फोन होता.

"आहे. किती आठवडे?"

"तिसावा चालू आहे. बीपी फार वाढलंय. मॅडम म्हणतायत, उद्यापर्यंत थांबवता आलं तर बघू. नाहीतर कधीही सिझर."

रत्नागिरीतल्या एका रुग्णालयात मी नवजात बाळांच्या विभागाची इनचार्ज सिस्टर आहे. पूर्ण दिवसांचं बाळ साधारण चाळीस आठवड्यांचं असतं. तिसाव्यात येणाऱ्या बाळाला श्वास घेणं, दूध ओढणं, स्वतःचं अंग गरम ठेवणं यातलं काहीच नीट येत नसतं. ते सगळं काही दिवस त्याच्यासाठी आपण करायचं असतं. म्हणून अशा बाळाची तयारी ते यायच्या आधीपासून सुरू होते.

मी वॉर्मर चालू केला. वॉर्मर म्हणजे वरून उष्णता देणारा उघडा पलंग. सीपॅप लावून तपासलं. सीपॅपमधून नाकावाटे सतत हलक्या दाबाने हवा जाते, त्यामुळे कच्ची फुप्फुसं मिटत नाहीत. सर्वांत लहान टोपी शोधली आणि प्लास्टिकची स्वच्छ पिशवी काढून ठेवली. मग बाळाच्या आईला भेटायला गेले.

सानिका तिचं नाव. राजापूरकडच्या एका गावातली, पहिलटकरीण. पाय सुजले होते, चेहराही. उशाशी तिची आई बसली होती, पदर तोंडाला लावून खोकत.

"पाय कधीपासून सुजलेत?" मी विचारलं.

"चार-पाच दिवस झाले असतील," सानिका म्हणाली. "घरात भेटायला माणसं येत होती. सारखी उठबस. आम्हांला वाटलं त्यानेच."

"कसली माणसं?"

"मामंजी गेले," ती म्हणाली. सासऱ्यांना जाऊन अजून आठवडा झाला नव्हता.

तिला दिलेल्या इंजेक्शनबद्दल मी तिच्या आईला सांगितलं. ते आईला टोचतात, पण असतं बाळासाठी. एखाददुसरा दिवस मिळाला तर त्याने बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात.

"म्हणजे आंबा आढीत पिकायला घातल्यासारखा," आजी म्हणाली.

"तसंच म्हणा. आणि बाळ आलं की त्याला न पुसता गळ्यापर्यंत प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतो. अंगातली ऊब जात नाही."

"पिशवीत? माझ्या नातवंडाला?" आजीने खोकला कसाबसा आवरला. "बाजारातला बांगडा काय तो?"

सानिका हसली. मी तिला हसताना पाहिलं ते त्या दिवशी एवढंच.

जुने मऊ सुती कपडे आणायला सांगितलं, तेव्हा कळलं की बाळाचं असं काहीच बरोबर आणलेलं नाही. त्याचं मला नवल वाटलं नाही. आमच्याकडे बाळ यायच्या आधी बाळाचं काही आणत नाहीत. खाली कोणी आहे का विचारल्यावर आजी म्हणाली, "सानिकाचे चुलतसासरे हायत. जावईपण आलाय. पण तो वर यायचा नाय. सुतकात हाय. अग्नी त्यानेच दिला ना."

मी खाली गेले. पार्किंगच्या कडेला बदामाच्या झाडाखाली एक मुंडन केलेला तरुण उभा होता. निलेश. मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत नोकरी. वडिलांसाठी गावी आला होता. अग्नी देणाऱ्याने त्या दिवसांत घराबाहेर पडायचं नसतं. तरी तो आला होता आणि सगळ्यांपासून चार हात लांब उभा होता. बोलायला त्याचे काका पुढे आले. निवृत्त प्राथमिक शिक्षक, पांढरा शर्ट, अतिशय मृदू बोलणारे.

मी त्यांना कांगारू केअर समजावून सांगितलं. बाळ स्थिर झालं की त्याला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं तासन् तास धरायचं. ऊब मिळते, श्वास सुधारतो, संसर्ग कमी होतो. "सानिकाची तब्येत बघता तिला लगेच धरता येईल असं वाटत नाही," मी म्हटलं. "तिच्या आईला खोकला आहे, त्यांना आत सोडता येणार नाही. वडिलांची छाती चालते."

निलेशने मान वर केली. "कसं धरायचं?"

मी हातातला टॉवेल गुंडाळून माझ्या छातीशी उभा धरला. मान एका बाजूला, पाय बेडकासारखे दुमडलेले, एक हात पाठीवर, एक खाली. तो टक लावून पाहत होता. नकळत त्याचा हात शर्टाच्या वरच्या बटणाकडे गेला.

"निल्या," काका हळूच म्हणाले. हात खाली आला.

त्याच संध्याकाळी बीपीमुळे सानिकाला फिटचा झटका आला आणि थांबणं संपलं. सिझर झालं. मुलगी. किलोच्या जरा वर. पिशवीत ठेवली तेव्हा रडली, आमच्या मानाने खणखणीत. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "बाई रागीट आहेत. चांगलं आहे." सानिकाला आयसीयूत हलवलं. ती शुद्धीवर नव्हती.

दुसरा दिवस छान गेला. नळीने दिलेलं थेंब थेंब दूध मुलीला पचत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी सीपॅप काढून नुसत्या ऑक्सिजनवर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "कांगारू सुरू करू या. वडील कुठे आहेत?"

"बदामाखाली."

"मग बोलवा."

"सुतकात आहेत."

"सिस्टर, हे तुम्ही मला सांगताय?"

मॅडम पुण्याच्या. त्यांना चीड आली होती, आणि ती बरोबर होती. पण मला तेवढी चीड येत नव्हती. गेल्या वर्षी माझे यजमान गेले. त्या दहा दिवसांत मला कोणी काही मागितलं नाही, कोणी कुठे बोलावलं नाही. कोपऱ्यात बसून राहायची मुभा होती. एरवी पुस्तकं वाचून मी या गोष्टींना नावं ठेवत आले आहे. तेव्हा मात्र त्या सुतकानेच मला सांभाळलं होतं. म्हणून खाली जाऊन काकांशी बोलताना माझा आवाज चढला नाही.

"काका, मुलगी छान आहे. आता तिला माणसाची ऊब हवी."

"समजतंय मला, बाई."

"मग निलेशला वर पाठवा. आंघोळ करू दे, धुतलेला शर्ट देते. कोणाला कळणार पण नाही."

"कळतं हो. गावात सगळं कळतं." ते म्हणाले. "मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवलं, बाई. सुतकाने बाळाला काही होतं असं मला नाही वाटत. पण उद्या तिचं काही बरंवाईट झालं, तर भावकी काय म्हणेल? सुतकात शिवला म्हणून गेली. निल्याला ते जन्मभर ऐकावं लागेल. तो आत्ताच बापाला मुंबईहून वेळेवर पोचला नाही म्हणून ऐकतोय."

"पण ऊब तिला आत्ताच हवी आहे," मी म्हटलं.

"दिवसकार्य होऊ दे," ते म्हणाले. "मग तो दिवसरात्र धरील. मी स्वतः आणून बसवतो. चार दिवसांचा तर प्रश्न."

मी निलेशकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"काका म्हणतील तसं," तो म्हणाला. मग माझ्या मागून जिना चढून काचेपर्यंत आला. काकांनी अडवलं नाही. बाहेरच्या काचेतून आमचा कोपऱ्यातला वॉर्मर दिसतो. बराच वेळ पाहून त्याने विचारलं, "टोपी सैल नाही होत?"

"होते. आम्ही सारखी नीट करतो."

"बरं," तो म्हणाला आणि पुन्हा खाली गेला.

आम्ही आमच्या परीने सगळं केलं. कपड्याचं घरटं केलं, हात लावताना तिच्याशी बोललो. ज्या सिस्टरची ड्यूटी असे ती तळहात तिच्या डोक्यावर ठेवून थोडा वेळ उभी राही. पण आमच्या वॉर्डात बाळं बरीच आणि हात थोडे. तेवढ्यानेच भागवावं लागलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती फिकी पडली. श्वास मधेच थांबू लागला. पुन्हा सीपॅप, मग व्हेंटिलेटर. रक्ताचा रिपोर्ट संसर्गाकडे बोट दाखवत होता. इतक्या कच्च्या बाळांत हे होतं, सगळं नीट केलं तरी होतं. निलेशने तिला धरलं असतं तर ती वाचली असती, असं मी म्हणणार नाही. तसं म्हणायला माझ्याकडे आधार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. आजोबांच्या कार्याला अजून अवकाश होता.

एवढ्या लहान मुलांचं दहन करत नाहीत, त्यांना पुरतात. मी तिला आंघोळ घालून आजीने आणलेल्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि बाहेर आले. काका पुढे झाले. त्यांनी हात पसरले होते.

निलेश मागे उभा होता. "काका," तो म्हणाला, "आता शिवलं तर चालेल ना?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. काकांचे हात तसेच राहिले. मग ते बाजूला झाले. "घे," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

निलेशने शर्टाची बटणं सोडली. मुलीला छातीशी उभी धरली, एक हात पाठीवर, एक खाली, मान एका बाजूला. मी दाखवलं होतं अगदी तसंच. वरून शर्ट ओढून घेतला आणि जिना उतरून गाडीत जाऊन बसला.

सानिका दोन दिवसांनी पुरती शुद्धीवर आली. तिला डॉक्टरांनी सांगितलं. मी भेटायला गेले तेव्हा ती रडून थकली होती. तिने मला एकच विचारलं.

"तिला कोणी घेतलं होतं काय वो?"

"हो," मी म्हटलं. "तिच्या बाबांनी."

हे खरं होतं. कधी, ते तिने विचारलं नाही.

आता कमी दिवसांचं बाळ येणार असं कळलं, की रक्तगटाबरोबर आम्ही घरात सुतक आहे का तेही विचारतो. असेल, तर घरात ज्याचा शब्द चालतो त्या माणसाला बाळ जन्मायच्या आधीच आत बोलावतो, आधीची बाळं छातीवर घेऊन बसलेले आईबाप दाखवतो आणि मगच विषय काढतो. काही जण ऐकतात. काही जण कार्य होऊ दे म्हणतात.