संग्रहालयाचं मागचं फाटक

ऑफिसात तिला सगळे ‘पट्टी’ म्हणत. सरळ, ताठ, आणि हातावर बसली की वळ उठवणारी. आर्किटेक्ट साहेबांच्या हाताखाली नकाशे काढता काढता तिचे केस पांढरे झाले होते. बोलणं कमी, चुका त्याहून कमी. आणि डूख धरायचं म्हणाल तर सापानं तिच्याकडे शिकवणी लावावी.

तो सगळा राग होता धाकट्या भावावर. वडील गेले, भावाचं लग्न झालं, आणि भावजयीच्या शिलाई मशीनला जागा हवी म्हणून पट्टीची खाट मागच्या खोलीतून उचलून घरातल्या बोळात टाकली गेली. “लग्न ठरेपर्यंतच हो, वन्सं,” भावजय म्हणाली होती. लग्न काही ठरलं नाही. भाऊ तिला लागेल असं एका शब्दानंही बोलला नव्हता. त्यानं फक्त खाटेचं दुसरं टोक उचललं होतं. पुढे ती भाड्याच्या खोलीत राहायला गेली तेव्हाही हमाली त्यानंच केली, हसत हसत.

मग शहराच्या संग्रहालयाचं काम ऑफिसात आलं. जुनी इमारत दुरुस्त करायची, मागे नवं दालन जोडायचं. मूर्तींचे ट्रक आत घ्यायला एक फाटक हवं होतं. बागेतून काढायचं, नाहीतर मागच्या गल्लीतलं एखादं घर पाडायचं. साहेब घाईत होते. “तो भाग तुमच्या पायाखालचा. तुम्हीच ठरवा.”

तिनं पेन्सिलीला टोक केलं आणि रेघ भावाच्या स्वयंपाकघरातून नेली.

नोटीस लागली तसा भाऊ तिच्याकडेच धावत आला. “ताई, तुझ्याच ऑफिसचं काम आहे म्हणे. काहीतरी कर गं.”

“बघते,” ती म्हणाली, आणि त्याला तसंच टांगणीला लावून ठेवलं. तो यायचा, तिचा गळका नळ दुरुस्त करून जायचा. भावजय डबा पाठवायची. पट्टी डबा चाटूनपुसून खायची, वर मीठ कमी म्हणायची, आणि ताकास तूर लागू द्यायची नाही.

हरकती ऐकायला सभा भरली. भावानं उठून हात जोडले. “बागेतून फाटक का नाही, एवढंच सांगा.”

साहेबांनी पट्टीकडे बोट केलं. “त्याच सांगतील. सूचना त्यांचीच होती.”

पट्टी उभी राहिली. आवाज जराही हलला नाही. “बागेत जुनी झाडं आहेत.”

भाऊ तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं मान हलवली. “ताई म्हणते म्हणजे बरोबरच असेल,” असं पुटपुटत तो खाली बसला.

बाहेर जिन्यात भावजयीनं तिला गाठलं. “झालं समाधान?”

“अजून नाही.”

घर पाडल्यावर मापं घ्यायला पट्टी स्वतः गेली. भाऊ विटांच्या ढिगातून खिडकीची चौकट ओढून काढत होता. आता तो मेव्हण्याच्या माळ्यावर राहायला निघाला होता. बहीण घामानं निथळताना बघून त्यानं आपली पाण्याची बाटली पुढे केली.

“पी ताई. एवढ्या उन्हाची कशाला आलीस?”

तिनं बाटली रिकामी करून परत दिली. कित्येक वर्षांनी जिवाला बरं वाटलं.

“जरा मागे सरक,” ती म्हणाली. “टेप अडतोय तुझ्या पायात.”

तो सरकला. ट्रक आरामात वळेल इतकी जागा टेपवर भरली.