उलटी गेलेली रेघ

मेंदूच्या वॉर्डात सगळे तिला मावशीच म्हणायचे, अगदी मोठ्या डॉक्टरीणबाईसुद्धा. बावीस वर्षं बेशुद्ध माणसांची अंगं पुसली, पण विचारल्याशिवाय कुणाला पाणी लावलं नाही. आधी खरखरीत फडक्यानं तळहात चोळायचा, "दादा, पुसते हं," म्हणायचं, मग पुढचं.

"तो काय हो म्हणणार आहे?" शिकाऊ डॉक्टर हसायचा.

"'नाही' तरी कुठं म्हणालाय?" मावशी म्हणायची.

मेंदूत रक्तस्राव होऊन एक गवंडी आला. ऑपरेशन करताना डॉक्टरीणबाईंनी त्याच्या मेंदूच्या उजव्या अंगाला बारीक तारा ठेवल्या. तिथं किती रक्त पोचतंय, त्याची रेघ पडद्यावर दिसायची. मावशीनं डावा तळहात चोळला की रेघ चढायची. "हाताची बातमी पोचली, की मेंदू तेवढ्या जागी जादा रक्त धाडतो," बाई म्हणाल्या होत्या. गवंड्याच्या बायकोला ते पुरेसं होतं. रोज सकाळी ती त्या रेघेवर डोळे लावून बसायची. नवऱ्याचं बोलणं म्हणजे तेवढंच.

पाचव्या सकाळी मावशीनं हात चोळला आणि रेघ खाली गेली.

"तार हलली असेल," शिकाऊ म्हणाला.

"हात तोच, फडकं तेच, तारेला कुणी शिवलं नाही. बाईंना बोलव, बाबा. चुकलं तर बोलणी मी खाईन."

बाई आल्या. पडद्यावर एकामागून एक तारांखालच्या पेशींचे विजेचे ठोके गप्प होत चालले होते, मुंगीच्या चालीनं. "पेशी दमून निपचित पडतायत, ती लाट पसरतेय," त्या म्हणाल्या. "सावरायला रक्त हवं, तर शिरा उलट आवळल्यात." रक्तदाब वाढवला, ताप उतरवला, औषध बदललं. बायकोनं मावशीचं मनगट धरलं ते बराच वेळ सोडलं नाही.

दुपारी मावशीनं पुन्हा तळहात चोळला. रेघ जरा घुटमळली, मग चढली.

"मावशी, आज तुम्ही होतात म्हणून," बाई म्हणाल्या.

"तुम्ही ऐकलंत म्हणून," मावशी म्हणाली आणि बादली उचलून पुढच्या खाटेकडे गेली. डोळे तिकडं जाऊन पुसले.

चार महिन्यांनी गवंडी आपल्या पायांनी आला, पिशवीत थापी घेऊन. वॉर्डाच्या न्हाणीचा उंबरा कधीचा निखळला होता.

"डाव्या हातात वीट राहते का रे?" मावशीनं विचारलं.

"राहते. मधेच सुटते."

तो उकिडवा बसला, वीट धरली आणि थांबला.

"मावशी, बसवतो हं."

हो म्हणायला तिला जरा वेळच लागला.