रेवजीचा ढोल आणि हेमराजची तारीख

धडगावच्या वरच्या डोंगरातला रेवजी पावरा. गावाचा मोठा ढोल वाजवावा तर त्यानेच.

पूर्वी खाली सपाटीवरच्या गावांतल्या लग्नाचं बोलावणं आलं की रेवजी आपली आठ माणसं घेऊन निघे. जेवण मिळालं तर मिळालं. परतायला गाडी नसली की म्हसावदच्या फाट्यावर ताटकळायचं. मग शहाद्याचा हेमराज भेटला. कार्यक्रम तोच ठरवून देई. गाडी दारात, आधी जेवण, मग वाजवणं. रेवजीची बायको कमलीबाई म्हणे, "हेमराजभाऊमुळे तुम्ही जेवून घरी येता, एवढं खरं."

पण तारखा हेमराज विचारल्याशिवाय घेई. यंदा त्याने कॅलेंडरवरची होळी पाहिली आणि तिच्या तिसऱ्या दिवशीचा शहाद्यातला कार्यक्रम घेऊन टाकला. डोंगरात मात्र गावागावाची होळी वेगळ्या दिवशी. रेवजीच्या गावची नेमकी त्याच दिवशी होती.

हेमराज गाडी घेऊन आला तेव्हा रेवजी अंगणात भुईवर बसला होता. होळीचा नवस होता त्याचा. पाच दिवस खाटेला, गादीला शिवायचं नाही.

"कॅलेंडरमा तं होळी व्हयी गयी ना, भाऊ! चल, बस गाडीमा."

"तुझ्या कॅलेंडरची झाली. आमची आज."

"मन्ही इज्जत जाई! पुढे सगळी लग्नसराई शे, इचार कर."

रेवजीने विचार केला. लग्नसराई गेली तर पुन्हा तो फाटा. पण ढोल मुका ठेवून गावाने होळी कशी पेटवायची? देवाला दिलेला शब्द आधीचा होता.

"दलसिंगला ने," तो म्हणाला. "त्याच्या गावची होळी परवाच झाली. ढोलावर हात चांगला आहे त्याचा."

हेमराजने गाडी दलसिंगच्या गावाकडे वळवली. गावची होळी रेवजीच्या ढोलावर पेटली.

पुढे लग्नसराईत हेमराजची गाडी दलसिंगच्याच दारी जास्त थांबली. रेवजीकडे दोनदाच आली.

"दाखवलात ना दुसऱ्याला आपला रस्ता!" कमलीबाईने टोमणा मारला.

एक दिवस कळसाडीहून नवरदेवाच्या बापाचा थेट फोन आला. पूर्वी रेवजी 'येतो' म्हणून फोन ठेवून द्यायचा. आता म्हणाला, "गाडी कोण पाठवणार? जेवण आधी की नंतर? आणि तारीख गावात विचारून सांगतो."

चुलीपाशी बसलेल्या कमलीबाईला हसू आवरेना. "अगदी हेमराजभाऊच बोलले की!"

"अर्धाच," रेवजी म्हणाला. "तो गावात विचारत नाही."