मावशीची मराठी, सरांचं पुस्तक

माझी मावशी माधव नगरात राहायची. तिच्या सासरचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उज्जैनचे, दरबारी चाकरीतले. आम्ही मात्र बाबांच्या बँकेतल्या नोकरीमुळे तिथे आलेलो. मावशी स्वयंपाकघराला ‘मुदपाक’ म्हणायची आणि त्याच दमात, फोडणी देता देता, "थांब जरा, भाजी छौंकून राहिलेय," असंही सांगायची. आईला हसू यायचं. मला त्यात पीएच.डी.चा विषय दिसला.

टेपरेकॉर्डर घेऊन मी देवास गेटपासून राम घाटापर्यंतची मराठी घरं पालथी घातली. बायका आधी शुद्ध बोलायला बघत. चहा झाला, सुनेचा विषय निघाला, की खरी भाषा बाहेर पडे. बाजार, भांडण, सरकारी काम हिंदीत गेलं होतं. रांधणं, आजारपण, मयताच्या घरचं बोलणं मराठीत उरलं होतं. मावशीच एकदा म्हणाली, "रागवायला हिंदी बरी पडते गं. रडायला नाही पुरत." माझा सगळा प्रबंध त्या वाक्यावर उभा होता.

लिहिलेली प्रकरणं मी सरांना देत गेले. सर माझे मार्गदर्शक आणि विभागप्रमुखही. "अजून कच्चं आहे," म्हणून ते ठेवून घेत. तेव्हा जो तो कॉम्प्युटरच्या कोर्सला धावत होता, भाषेच्या वर्गात बाकं रिकामी. "विभाग वाचवायचा तर काहीतरी दिसलं पाहिजे," असं सर म्हणत. शेवटी दिसलं ते सरांचं पुस्तक. विषय माझाच.

कॉलेजात कार्यक्रम ठेवला होता. लेखकानं पुस्तकामागचं संशोधन सांगायचं, आणि आभार मी मानायचे. मावशी हट्टानं आली. "माझ्या बोलण्यावर पुस्तक निघालं आणि मी नाही येणार?" पुस्तकावर नाव कुणाचं, हे मी तिला सांगितलं नव्हतं. सर भाषणात तरी माझा उल्लेख करतील, अशी आशा होती.

सर बोलायला उठले. "ही कल्पना मला माझ्या मावशीनं दिली," ते म्हणाले. "ती एकदा म्हणाली, रागवायला हिंदी बरी पडते, रडायला पुरत नाही."

टाळ्या पडल्या. मावशी उभी राहिली.

"अहो सर, तुमची कोण मावशी? हे मी बोलले होते. हिच्याजवळ."

सर जराही गडबडले नाहीत. त्यांनी हात जोडले. "बघा, आल्याच आमच्या मावशी! उज्जैनची प्रत्येक मराठी बाई अभ्यासकाची मावशीच असते."

आधीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. कुणीतरी धावत शाल आणली. मावशीला वर नेऊन नारळ दिला, सरांसोबत फोटो काढला. ती गोंधळून माझ्याकडे बघत होती. मी माईकपाशी गेले आणि आभार मानले. सगळ्यात आधी सरांचे. त्यांच्या सहीशिवाय माझा प्रबंध पुढे सरकणार नव्हता.

परतताना टेम्पोत मावशीनं विचारलं, "तू का नाही बोललीस?"

"डिग्री अडकेल."

"मग मला येऊ कशाला दिलंस?"



मौखिक परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "तुमची बरीचशी मांडणी सरांच्या पुस्तकाशी जुळते. संदर्भ का दिला नाहीत?" सर शेजारीच चहा पीत होते. "राहून गेलं असेल, नवखी आहे," ते मायेनं म्हणाले. मी संदर्भ घातले. जवळजवळ पानोपानी. पदवी मिळाली. विभाग काही वाचला नाही. त्या खोल्यांत कॉम्प्युटर आले. सर निवृत्तीनंतरही त्या पुस्तकावर गावोगाव व्याख्यानं देत राहिले. मी एका कोचिंग क्लासमध्ये हिंदी व्याकरण शिकवू लागले.

पुढे एकदा जुन्या शब्दांबद्दल विचारायला मावशीकडे गेले. टेपरेकॉर्डर पिशवीतून काढलाही नव्हता.

"हिंदी में पूछ," ती म्हणाली. "मराठी घरवालों के लिए है।"

त्यानंतर ती शेवटपर्यंत माझ्याशी हिंदीतच बोलली.