इंजिन बंद, तरी हवेचा आकडा हलतोय

गाडीला लिंबू-मिरची लटकत असेल तर मी आधी ती काढून बाजूला ठेवतो, मगच बॉनेट उघडतो. गिऱ्हाईक रागावलं तर रागावू दे! बावीस वर्षं गॅरेज चालवतोय... गाडी बिघडते ती वायरीने, कचऱ्याने नाहीतर मालकाच्या हलगर्जीपणाने. आपण कधी असलं काही लिहू, असं कोणी सांगितलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

गॅरेज शहापूर-मुरबाड रस्त्यावर, सापगावच्या जरा अलीकडे. गेल्या हिवाळ्यात, म्हशाची जत्रा तोंडावर असताना, सकाळी अकराच्या सुमारास जनार्दन नावाचा एक शेतकरी आपली डिझेल गाडी घेऊन आला. ऊन लख्ख पडलेलं. मागच्या सीटवर त्याचे वडील छातीवर टॉवेल घेऊन झोपलेले. दोघं म्हशाहून शहापूरला लेकीकडे चालले होते.

"दादा, पिकप नाय हो गाडीला. चढावावर काळा धूर सोडते. आन ती पिवळी लाइट पन जात नाय." मग मागे बघून म्हणाला, "बाबांना उतरवू का?"

"कशाला उगाच त्रास? झोपू दे की."

हे मी बोललो. अजून टोचतं मला ते.

स्कॅनर लावला. हवेच्या सेन्सरचा फॉल्ट निघाला. इंजिनात हवा किती जाते ते हा मोजतो. आत केसासारखी तार असते, तिच्यावर धूळ बसली की मोजमाप चुकतं. स्प्रे मारून साफ करायचा, नाहीच ऐकलं तर बदलायचा. अर्ध्या तासाचं काम. साफ करण्याआधी इंजिन बंद ठेवून, चावी ऑन करून मी स्कॅनरच्या टॅबवर हवेचा आकडा बघितला. हवा चालत नाही म्हटल्यावर तो एका जागी गप्प बसायला हवा.

तो हलत होता. सावकाश वर चढायचा, सावकाश खाली यायचा. क्षणभर थांबायचा, की परत वर.

वाटलं, वाऱ्याने असेल. फिल्टरच्या डब्याचं तोंड फडक्याने गच्च बंद केलं. तरी तेच. वायर हलवून बघितली. शेवटी सेन्सरच पाइपातून बाहेर काढला, जोडणी तशीच ठेवून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि बॅटरीवर ठेवला. आता त्याला कुठून हवा लागणार, सांगा! आकडा आपला वर... खाली... वर... खाली. माझ्या गाडीचा चांगला सेन्सर आणून जोडला. तोही तसाच. 

माझी बायको सुरेखा चहा घेऊन आली. तिच्या हातात टॅब दिला, म्हटलं, "बघ गं, याला काय झालंय." तिने बघितलं, मग गाडीत बघितलं, आणि एकदम हळू आवाजात म्हणाली, "अहो... बाबांचा टॉवेल बघा."

टॉवेल वर गेला की आकडा वर. खाली आला की खाली. एकदाही चुकला नाही! आम्ही दोघं खुळ्यासारखे बघत उभे. जनार्दन पलीकडे फोनवर बोलत होता.

मग मधलं थांबणं लांबायला लागलं. आकडा जेमतेम चढला, उतरला... आणि पडून राहिला.

आणि मी काय केलं? टॅब हातात घेऊन दोन थपडा मारल्या. म्हटलं, कनेक्शन गेलं! आयुष्यभराची सवय, दुसरं काय. सुरेखा किंचाळली तेव्हा मान वळवली. टॉवेल हलत नव्हता.

"जनार्दन! अरे धाव!" दोघांनी बाबांना उचलून खाली घेतलं. श्वास नाही. पूर्वी कंपनीत असताना छाती दाबायचं शिकवलेलं, तेवढंच आठवलं आणि दाबत सुटलो. जनार्दन बाबांचे पाय धरून रडत होता, "बाबा, उठा ना... आमी काय करू आता..." माझे हात भरून आले, घामाने काही दिसेना. मनात आलं, गेला हा माणूस, माझ्या दारात गेला.

तेवढ्यात सुरेखा ओरडली, "अहो, आकडा हलला!"

खाली बाबा अजून निपचित होते. मी स्वतः बघत होतो, छाती हलली नव्हती. आधी आकडा हलला. त्यानंतर बाबांनी घशातून मोठा आवाज करत श्वास ओढला.

माझ्याच गाडीत घालून त्यांना शहापूरच्या दवाखान्यात नेलं. वाचले. डॉक्टरांनी विचारलं, "झोपलेल्या माणसाचं तुमच्या लक्षात कसं आलं?" मी म्हटलं, "दिसलं." दुसरं काय सांगणार?

दुसऱ्या दिवशी गाडीचा सेन्सर स्प्रेने साफ करून बसवला. धूर गेला, लाइट गेली. चावी ऑन, इंजिन बंद... आकडा ढिम्म. काळ्या धुराचं कारण सापडलं, त्या वर-खाली होणाऱ्या आकड्याचं नाही.

दीड महिन्याने बाबा स्वतःच आले, जनार्दनला घेऊन. सुरेखाकडून त्यांना सगळं कळलं होतं. हट्टाने मागच्या सीटवर बसले, टॉवेल घेतला, मला टॅब लावायला लावला आणि लहान मुलासारखे लांब लांब श्वास घ्यायला लागले. आकडा हलला नाही. पंधरा मिनिटं बघितलं.

बाबा उठून बसले. हसत नव्हते. माझा हात त्यांनी धरून ठेवला आणि विचारलं, "मंग त्या टायमाला तुला सांगला कोनी रे?"