थापेच्या प्रदक्षिणा

मी आयुष्यात एकच नवस केला, तोही चुकून.

पक्षाघातानं डावा पाय रुसला होता, डावा हातही नीट उचलत नव्हता. काठीशिवाय बसची पायरी चढता येईना, म्हणून जवळच्या तिरुवैयारू गावातल्या माझ्या गाण्याच्या शिकवण्या बंद पडल्या होत्या. व्यायाम घ्यायला येणारी कविता म्हणायची, रमतगमत चालून पाय वळणावर यायचा नाही. दम लागेपर्यंत चाला, बसा, परत चाला. (डॉक्टरांनीही हृदय तपासून परवानगी दिली. दुर्दैव माझं!)

घरात बायकोचा, पद्माचा, पहारा. मी शक्कल लढवली. गल्लीतल्या मारुतीच्या देवळात चालतो म्हणालो. तिथे दोन फेऱ्या मारायच्या आणि खांबाला टेकून प्रसादाचं गरम पोंगल, म्हणजे तूप-मिरीची खिचडी, खायचं! तिसऱ्याच दिवशी शेजारच्या कमलाबाईंनी पकडलं.

"काय अण्णा, नुसतंच बसलात?"

"एकशे आठ प्रदक्षिणांचा नवस आहे. आत्ताच संपवल्या," मी ठोकून दिलं.

झालं! आम्ही तंजावूरचे मराठी. आमचा नवससुद्धा तमिळ मापाचा, रोज एकशे आठ, सलग अठ्ठेचाळीस दिवस. मध्ये सोडायची सोय नाही. दुसऱ्या दिवशी कमलाबाई एकशे आठ चिंचोके घेऊन हजर. फेरीमागे एक चिंचोका डब्यात. कविता तरी सोडवेल म्हणून तिला फोन केला, तर ती म्हणाली, रोज थोड्या वाढवा, पण सोडू नका.

त्या दिवशी तिसाव्या फेरीला मी खाली बसलो. नवस अपुरा कसा ठेवायचा? उरलेल्या अठ्ठ्याहत्तर पद्मानं घातल्या. तिचे गुडघे दुखतात हो! माझी थाप ती लंगडत पुरी करत होती, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग मात्र मी सुटलो. एकदा कमरेची वेष्टीही, म्हणजे आमचं तमिळ धोतर, सुटली. देवळातल्या बायकांनी तोंडं फिरवली, मोजणं थांबवलं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या दिवशी एकशे आठही फेऱ्या माझ्या, काठीविना. मी डोळे पुसत पद्माला थाप कबूल केली.

"मिशीला पोंगलचा वास यायचा," ती म्हणाली. "कमलाबाईंना मीच पाठवलं होतं."

मी दोघींना हात जोडले. डावा हातसुद्धा वर आला.

कमलाबाईंनी डबा परत रिकामा केला. "आता पद्माच्या गुडघ्यांसाठी कोण घालणार?"

आज नको म्हणायला मी तोंड उघडलं, पण मेला डावा पाय तोवर निघालाही होता!